घरच्या घरी अंडी उबवायचं मशीन: खोका, वायरिंग आणि २१ दिवस

इनक्युबेटर बनवायला बसलेली बहुतेक मंडळी सुरुवातीचा सगळा वेळ खोका कुठला घ्यावा यातच घालवतात, थर्माकोलचा की प्लायचा, जुना फ्रीज चालेल का, काच कुठं लावायची. खोका काहीही चालतो हो. खुडूक कोंबडी टोपलीत बसते, अडगळीत बसते, कुठंही बसून पिल्लं काढते. तिला आपोआप जमतं आणि आपल्या खोक्याला मुद्दाम जमवावं लागतं ते एकच, २१ दिवस रात्रंदिवस अंड्याला एकसारखी ऊब. म्हणून या लेखात खोक्यावर थोडं आणि वायरिंग, तापमान मोजणं आणि अंडी ठेवण्याआधीची चाचणी यावर भरपूर लिहितोय, कारण पिल्लं निघत नाहीत तेव्हा गडबड बहुतेक वेळा तिथंच असते.

१. आधी सामान गोळा करा

अर्धवट सामानावर काम सुरू केलं की मग जुगाड सुरू होतात आणि करंटच्या कामात जुगाड नको. हे सगळं समोर असू द्या:

- झाकणाचा खोका, साधारण ४०-५० लिटरचा, जाड थर्माकोल किंवा आतून थर्माकोल लावलेला प्लाय
- साधे तारेचे बल्ब, २५ किंवा ४० वॅटचे दोन, आणि चिनीमातीचे दोन होल्डर
- डिजिटल थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा) सेन्सरसकट, जमल्यास दोन
- कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर
- १ चौरस मिमीची तांब्याची वायर, तीन पिनचा प्लग, स्विच, २ अँपिअरचा फ्यूज, कनेक्टर पट्टी, टेप
- वेगळा थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारा मीटर
- ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर, हा घरात असतोच
- पाण्याचे पसरट ट्रे, बारीक जाळी, पत्र्याचा तुकडा
- टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, कटर, पेन्सिल

एलईडी बल्ब आणू नका. तो उजेड देतो, आपल्याला उष्णता हवीये. बल्ब दोन का, तर एक मधेच उडाला तर दुसऱ्यावर अंडी तग धरून राहतात आणि तेवढ्यात तुमच्या लक्षात येतं.

२. खोका

बल्ब एका बाजूला किंवा वरच्या भागात येईल आणि अंडी जाळीवर बसतील अशी मांडणी करा. बल्ब आणि अंडी यांच्यामधे पत्र्याची आडोशी हवी, नाहीतर बल्बसमोरची अंडी भाजतात आणि मागची गार राहतात. थर्माकोल उष्णतेनं वितळतो आणि पेटतो पण, त्यामुळे बल्बची काच थर्माकोलपासून चारी बाजूंनी निदान १० सेंटीमीटर लांब ठेवा आणि मागच्या भिंतीला पत्रा लावा. या एका गोष्टीत कंजुषी करू नका.

हवेसाठी खाली दोन आणि वर दोन भोकं पाडा, बोट जाईल एवढी. अंडं कवचातून श्वास घेतं, आणि शेवटच्या दिवसांत आतलं पिल्लू बरंच मोठं झालेलं असतं तेव्हा त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. काही जण ऊब टिकावी म्हणून भोकं बुजवतात आणि मग पिल्लं कवचातच मरतात. झाकणाला काचेची खिडकी केली तर फार उपयोग होतो, न उघडता आत बघता येतं.

पाण्याचा ट्रे सगळ्यात खाली, जाळीच्या खाली. त्याच्या वर कुठलाही वायरचा जोड येता कामा नये. खोका ठेवायची खोली पण अशी निवडा की जिथं थेट ऊन येत नाही आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही.

३. वायरिंग

हा भाग सावकाश वाचा. प्लग काढलेला असतानाच प्रत्येक जोड करायचा, नुसता स्विच बंद करून नाही. आणि तुम्ही आधी कधी मेन्सच्या वायरिंगला हात लावला नसेल तर जोडणी झाल्यावर, करंट देण्याच्या आधी, एखाद्या इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. पाणी, पत्रा आणि करंट एकाच खोक्यात आहेत हे विसरू नका. घरात अर्थ लिकेजला ट्रिप होणारा ब्रेकर असेल तर मशीन त्याच लाईनवर लावा.

थर्मोस्टॅटमधे दोन जाती जास्त चालतात. एक डब्ल्यू-१२०९ नावाची उघडी छोटी पट्टी, १२ व्होल्टवर चालणारी. दुसरा एसटीसी-१०००, हा बंद डब्यात येतो आणि पॅनलमधे बसतो. नवीन माणसानं दुसराच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पट्टीच्या मागच्या बाजूला मेन्सचा करंट उघडा असतो. फक्त एसटीसी-१००० वेगवेगळ्या व्होल्टेजमधे मिळतो, १२ चा पण असतो आणि २२० चा पण, तेव्हा लेबल वाचून आपल्या लाईनला चालणारा घ्या.

एसटीसी-१००० ला मागे आठ टर्मिनल असतात. १ आणि २ त्याची स्वतःची सप्लाय, ३ आणि ४ सेन्सर, ५ आणि ६ हीटिंग, ७ आणि ८ कूलिंग. तुमच्या पीसवर चिकटवलेला नकाशा मात्र एकदा ताडून बघा. इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात ते म्हणजे बल्बच्या दोन्ही वायरी ५ आणि ६ ला जोडतात आणि मग म्हणतात मशीन खराब आहे, बल्ब लागतच नाही. तर ५ आणि ६ मधून करंट बाहेर येत नाही, तो आत फक्त एक स्विच आहे. करंट आपणच त्यातून न्यायचा असतो.

जोडणी अशी:

प्लगमधून आलेली फेज आधी फ्यूजमधे, मग स्विचमधे. स्विचमधून निघाली की कनेक्टर पट्टीवर तिचे फाटे करा, एक टर्मिनल १ ला, एक टर्मिनल ५ ला, एक पंख्याच्या अडॅप्टरकडे. न्यूट्रल टर्मिनल २ ला, अडॅप्टरला आणि थेट दोन्ही होल्डरना. टर्मिनल ६ मधून निघालेली वायर दोन्ही होल्डरच्या दुसऱ्या टोकाला. आट्याचा होल्डर असेल तर ही फेज मधल्या टोकाला आली पाहिजे, बाहेरच्या आट्याला नाही. दोन्ही बल्ब पॅरलल म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र फेज आणि स्वतंत्र न्यूट्रल. एकामागे एक सिरीजमधे जोडले तर दोन्ही मंद पेटतात आणि एक उडाला की दोन्ही बंद. अर्थची वायर पत्र्याला आणि बाकी जे काही धातूचं आहे त्याला स्क्रूनं पक्की करा.

पंखा थर्मोस्टॅटवर जोडायचा नाही. तो अडॅप्टरवर थेट, सतत चालू. बल्ब बंद असतानाच हवा फिरायची जास्त गरज असते, नाहीतर वर गरम आणि खाली गार असे थर बनतात.

आता दुसरा थर्मोस्टॅट कशाला ते सांगतो. थर्मोस्टॅटमधला रिले बल्ब सारखा चालू-बंद करत असतो. २१ दिवस म्हणजे ३० हजारांपेक्षा जास्त मिनिटं, आणि मिनिटाला एकदा जरी तो टकटकला तरी एका खेपेत ३० हजार वेळा झालं. अशा छोट्या रिलेचं आयुष्य साधारण १ लाख वेळांचं धरतात. तो जेव्हा मरतो तेव्हा कधीकधी चालू अवस्थेतच चिकटतो, बल्ब बंदच होत नाही आणि रात्रीत सगळी अंडी उकडून निघतात. म्हणून पहिल्याच्या ६ मधून निघालेली वायर थेट बल्बला न देता दुसऱ्या थर्मोस्टॅटच्या ५ ला द्या आणि त्याच्या ६ मधून बल्बला. दुसऱ्याला स्वतःची सप्लाय आणि स्वतःचा सेन्सर. त्यावर ३८.५ अंश सेट करा. रोजच्या कामात तो काहीच करत नाही, पहिला चिकटला तरच तो लाईन तोडतो. थोडा खर्च वाढतो, पण मी तरी याशिवाय अंडी ठेवा असं कुणाला सांगणार नाही.

सगळे कंट्रोल खोक्याच्या बाहेर, आत फक्त बल्ब, पंखा आणि सेन्सर. वायर जिथून आत जाते तिथं गाठ किंवा क्लिप लावा म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी ओढ जोडावर येणार नाही.

४. सेटिंग

पंखा असलेल्या मशीनमधे अंड्याजवळ ३७.५ अंश सेल्सिअस पाहिजे. बिनपंख्याच्या खोक्यात अंड्याच्या वरच्या टोकाशी ३८.३ ते ३८.८ ठेवतात, कारण तिथं खालचा भाग गार राहतो. हे दोन आकडे एकमेकांत मिसळून बऱ्याच जणांच्या खेपा वाया जातात, कुठंतरी ३८.५ वाचलेलं असतं आणि पंख्याच्या मशीनला तेच लावतात.

थर्मोस्टॅटवर फरक म्हणून एक सेटिंग असतं, किती अंश खाली आल्यावर बल्ब परत लावायचा ते. ते ०.३ वर घ्या. तापमान ३७.७ सेट केलं तर बल्ब ३७.७ ला बंद होतो आणि ३७.४ ला लागतो, सरासरी ३७.५ च्या आसपास येते. डब्ल्यू-१२०९ वापरत असाल तर त्यात हीटिंगसाठी एच आणि कूलिंगसाठी सी असा मोड असतो, तो एच वर आहे का हे आधी बघा, नाहीतर गरम झाल्यावर बल्ब लागेल आणि गार झाल्यावर विझेल.

सेन्सरची जागा अंड्याच्या वरच्या पातळीला, जाळीच्या मधोमध. बल्ब त्याला थेट दिसता कामा नये आणि पंख्याचा झोतही थेट नको. सेन्सर झाकणाला टांगलेला असेल तर तो झाकणाचं तापमान सांगतो, अंड्याचं नाही.

५. मीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्यांना तपासा

स्वस्त डिजिटल मीटर एक-दीड अंश चुकीचं सांगू शकतात आणि इथं तेवढ्यात खेळ संपतो. तपासायला सोपं आहे. एका भांड्यात साधारण ३८ अंशाचं कोमट पाणी घ्या, त्यात ताप मोजायचा थर्मामीटर आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर शेजारी शेजारी धरा, हलवत राहा. तापाचा थर्मामीटर नेमका याच पट्ट्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे त्याचं खरं माना आणि जेवढा फरक येईल तेवढी दुरुस्ती थर्मोस्टॅटच्या कॅलिब्रेशन सेटिंगमधे टाका.

आर्द्रतेच्या मीटरसाठी मीठ. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घाला, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळून जायला नको. ते आणि मीटर हवाबंद डब्यात एकत्र ठेवा, मीटरला पाणी न लावता. ८ ते १२ तासांनी मीटरनं ७५ टक्के दाखवायला हवं. ७० दाखवला तर तुमचा मीटर ५ कमी सांगतो, तसं त्यावरच लिहून ठेवा.

६. अंड्यांशिवाय दोन दिवस चालवा

हा टप्पा लोक गाळतात कारण अंडी आणलेली असतात आणि धीर नसतो. तर अंडी आणूच नका, आधी मशीन चालवा. आत पाण्याच्या भरलेल्या छोट्या बाटल्या ठेवा, अंड्यांच्या जागी. या बाटल्या पुढेही आतच राहू द्या, पाणी ऊब धरून ठेवतं त्यामुळे झाकण उघडलं तरी तापमान पटकन सावरतं.

निदान ४८ तास बघा, त्यात पहाटेची सगळ्यात गार वेळ आणि दुपारची गरम वेळ दोन्ही येऊ द्या. जाळीच्या चारी कोपऱ्यांत वेगळा थर्मामीटर फिरवून वाचा. कोपऱ्या-कोपऱ्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पंख्याची दिशा बदला किंवा पत्र्याची आडोशी हलवा. बल्ब सतत चालू राहतोय आणि तापमान गाठतच नाहीये तर वॅट वाढवा किंवा खोक्याच्या फटी बुजवा. उलट बल्ब बंद झाल्यावरही तापमान चढतच जातंय तर बल्ब मोठा आहे, गरम काच विझल्यावरही उष्णता सोडत राहते, कमी वॅटचा लावा.

याच वेळी पाण्याचे ट्रे ठरवा. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नाही तर पसरटपणावर ठरते. उंच पेल्यात कितीही पाणी भरा, आर्द्रता तेवढीच, पसरट ताटलीत वाढते. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटी ६५ ते ७० लागणार आहे, तर दोन्हींसाठी कुठला ट्रे लागतो ते आत्ताच बघून ठेवा.

७. अंडी

जिथं कोंबड्यांबरोबर कोंबडा फिरतो तिथलीच अंडी. दुकानातली अंडी बहुतेक वेळा कोंबड्याशिवाय पाळलेल्या कोंबड्यांची असतात, त्यातून काही निघत नाही. मध्यम आकाराची, चिरा नसलेली, स्वच्छ अंडी निवडा पण धुऊ नका, कवचावर एक नैसर्गिक थर असतो तो निघून गेला की जंतू आत शिरतात. ७ दिवसांपेक्षा जुनी नकोत. साठवताना निमुळतं टोक खाली, १५ अंशाच्या आसपासच्या गार जागेत. गाडीतून हिंदकळत आणली असतील तर तशीच टोक खाली ठेवून १२ ते २४ तास विसावू द्या.

पेन्सिलीनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा. पेन नको, शाई आत झिरपते.

८. पहिले १८ दिवस

दिवस मोजताना घोळ होतो, तो असा टाळा: ज्या संध्याकाळी अंडी ठेवली तो शून्य दिवस, २४ तास झाले की पहिला दिवस पूर्ण. १ तारखेला संध्याकाळी ठेवली तर २२ तारखेच्या संध्याकाळच्या आसपास पिल्लं.

अंडी आडवी ठेवली असतील तर दिवसातून निदान तीनदा फिरवा, फुली वर, मग गोल वर. ३ किंवा ५ असा विषम आकडा ठेवा म्हणजे रात्रीचा लांब वेळ रोज वेगळ्या बाजूवर जातो. फिरवलं नाही तर वाढणारा जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. हात धुऊन, हळूच, एकाच दिशेनं गरगर न फिरवता मागे-पुढे. ट्रेमधे पाणी भरताना कोमट भरा.

७ व्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी बघा. चांगल्या अंड्यात लाल बारीक शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसतो. नुसतं स्वच्छ पिवळट दिसलं तर फळलेलं नाही. आत लाल कडं दिसलं तर जीव सुरुवातीलाच मेला. ही दोन्ही काढून टाका, सडलेलं अंडं आत फुटलं तर बाकीची पण नासतात. शंका असेल ते ठेवा आणि १० व्या दिवशी परत बघा. गडद तपकिरी कवचाच्या अंड्यात नीट दिसत नाही, तिथं घाई करू नका.

आर्द्रता बरोबर आहे का याचा मीटरपेक्षा खात्रीचा पुरावा वजन. सुरुवातीला सगळी अंडी एकत्र तोला. १८ व्या दिवसापर्यंत ११ ते १३ टक्के वजन घटायला हवं, म्हणजे ६० ग्रॅमचं अंडं ५३ च्या आसपास. मधे कुठलं अंडं काढलं तर त्याचं वजन हिशोबातून वजा करा. जास्त घटतंय तर पाणी वाढवा, कमी घटतंय तर ट्रे छोटा करा.

लाईट गेली तर झाकण उघडून बघायचा मोह टाळा. खोक्यावर घोंगडी टाका, पण मशीनचा स्विच बंद करून. लाईट आल्यावर आधी घोंगडी काढायची, मग स्विच. काही तास गार झाल्यानं पिल्लं बहुतेक वेळा वाचतात, फार तर उशिरा निघतात. गरमी मात्र त्यांना सोसत नाही, ४० च्या वर काही तास गेले की नुकसान नक्की. म्हणून गार झालेली भरपाई करायला म्हणून तापमान वाढवू नका, नेहमीचंच ठेवा.

९. शेवटचे ३ दिवस

१८ दिवस पूर्ण झाले की फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० वर, भोकं पूर्ण उघडी आणि पायाखाली घसरणार नाही अशी खरखरीत चटई किंवा जाळी. पाण्याच्या ट्रेवर जाळी हवीच, ओलं पिल्लू त्यात पडून बुडतं. मग झाकण लावा आणि सोडा.

आधी आतून किलबिल ऐकू येईल, मग कवचाला एक टोच पडेल. त्यानंतर १२ ते २४ तास काहीच होत नाही आणि इथं लोकांचा धीर सुटतो, झाकण उघडतात, कवच सोलायला घेतात. पिल्लू त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातलं रक्त आटत असतं. आधीच सोललं तर रक्त येतं. आणि झाकण उघडल्यावर ओलावा निघून जातो, पापुद्रा सुकून टोच मारलेल्या बाकीच्या पिल्लांना घट्ट आवळतो, एकाला मदत करायला जाऊन इतर अडकतात. म्हणून बघायचं ते खिडकीतूनच.

निघालेली पिल्लं सुकून फुलू द्या, मग काढा. बलकाच्या जोरावर ती दोन दिवस बिनअन्नपाण्याची आरामात राहतात, त्यामुळे एकेक करून न काढता एकदाच काढा. त्यांची पुढची पेटी आधीच तापवून ठेवा, पहिल्या आठवड्यात ३५ अंश आणि नंतर दर आठवड्याला ३ अंश कमी. तिथं पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात खडे टाका.

१०. न फुटलेल्या अंड्यांकडून काय कळतं

२२ व्या दिवसानंतर आणखी एक-दीड दिवस थांबा, मग उरलेली अंडी फोडून बघा. नकोसं काम आहे, पण पुढची खेप यावरच सुधारते. पिल्लं २० व्या दिवसाच्या आधीच निघाली आणि नाभी नीट मिटलेली नव्हती तर मशीन गरम चाललं. २२ च्या पुढे रेंगाळली तर गार. पूर्ण वाढलेलं पण फुगलेलं, ओलं पिल्लू आतच मेलं असेल तर पहिल्या १८ दिवसांत ओलावा जास्त होता. पापुद्र्यात सुकून चिकटलं असेल तर शेवटी ओलावा कमी पडला. सुरुवातीच्याच दिवसांत बरीच मेली असतील तर अंडी जुनी होती, प्रवासात हादरली होती, किंवा तापमान उड्या मारत होतं.

जे सापडलं ते तारखेसकट झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा, थर्मोस्टॅटची दुरुस्ती किती होती आणि कुठल्या ट्रेनं किती आर्द्रता आली तेही. मग प्लग काढून खोका रिकामा करा, जाळी आणि ट्रे साबणानं धुऊन जंतुनाशकात बुडवा, भिंती ओल्या फडक्यानं पुसा, होल्डरचे आणि कनेक्टरचे स्क्रू सैल झालेत का बघा, आणि सगळं कडकडीत वाळल्यावरच परत चाचणीला लावा.